पाच मिनिटं पुढे

॥ श्री ॥

पिंपळनेर
४ नोव्हेंबर १९८९

ती. भाऊस,
कोकिळाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

भाऊबीजेला तू आला नाहीस. साडेसहाच्या धुळ्याच्या गाडीपर्यंत मी ओवाळणीचं ताट झाकून ठेवलं होतं. तू दिलेलं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, म्हणून मी तुझी वाट गावापेक्षा पाच मिनिटं आधीपासून पाहिली. मग माय म्हणाली, चंद्राला ओवाळ, तो कोणाचाही भाऊ होतो. बीजेचा चंद्र, दिसला न दिसला तोच मावळायला निघालेला. तुझाच भाऊ शोभतो. एका जागी थांबायचं नाव नाही.

तू का आला नाहीस ते दुसऱ्या दिवशी उखर्डूकाकांकडून कळलं. ते मिरच्या घेऊन धुळ्याला गेले होते. त्यांनी भर ओट्यावर सांगितलं की अभिमनने गॅरेजवाल्या मोतीलाल शेठच्या फियाटच्या दारावर आकडा रंगवला आणि तो नाशिकला शर्यतीला गेला. मायच्या हातातलं सूप तिथेच राहिलं. जेवताना आबांनी मला विचारलं, तुना भाऊले इतली घाई कसानी शे? शिकलेली मी, म्हणून घरातले सगळे अवघड प्रश्न माझ्याकडे येतात.

भाऊ, तीन वर्षांपूर्वी सेंधव्याच्या घाटात तुझा केळीचा ट्रक उलटला, तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात महिनाभर तुझ्या उशाशी माय बसली होती. मी अकरावीला होते. शाळेतून येऊन रोज दाराकडे बघायचे की कोण काय बातमी आणतंय. ते दिवस तू विसरला असशील, कारण तू झोपलेला होतास. आम्ही जागे होतो.

निदान खुशाली कळव. आहे त्या लोभात थोडी दयाही मिसळ.

तुझी,
कोकिळा

धुळे
१२ नोव्हेंबर १९८९

चि. कोकिळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. शेठने विचारलं, वकिलाची नोटीस आली का? मी म्हटलं, बहिणीचं आहे, नोटिशीपेक्षा कडक.

आता खरं ऐक आणि हसू नको. एकोणीस गाड्या होत्या. रस्त्यात पंच बसलेले असतात, त्यांच्यापाशी गाडी थांबवून शिक्का घ्यायचा. दर ठिकाणी मी सगळ्यांच्या आधी पोहोचलो. एका ठिकाणी तर पंच अजून खुर्ची मांडत होते. संध्याकाळी निकाल लागला तर माझा नंबर एकोणिसावा. वाटलं, कागद उलटा धरला असेल. शेठने दोनदा वाचून दाखवला. नियमांचा कागद सोबत जोडला आहे. माझी चौथी त्याला पुरत नाही. तू वाच आणि मला कुठे फसवलं ते सांग.

आबांनी घाईचं विचारलं. त्यांना सांग, मला घाई नाही. सावद्याहून हिरवी केळी भरून दिल्लीला निघायचो तेव्हा घाई होती, कारण मागे केळी पिकत असायची. मागून कोणी ढकलतं ती घाई. वेग निराळा. वळण येतं, आपण गिअर पाडतो, गाडी अंग चोरते आणि बरोबर जिथून निघायला हवी तिथूनच निघते, तेवढ्या वेळात डोक्यातली सगळी माणसं गप्प होतात. घरी, गॅरेजमध्ये, कुठेच ती गप्प होत नाहीत. मला पहिला नंबर हवा आहे, खोटं कशाला सांगू. ट्रक उलटल्यापासून सगळे माझ्याकडे उलटलेला ट्रक म्हणूनच बघतात. एकदा पहिला आलो की दुसरं काहीतरी बघतील.

मायला माझं पत्र वाचून दाखवताना घाटाचा विषय गाळ.

तुझा,
अभिमन

जळगाव
२२ नोव्हेंबर १९८९

ती. भाऊस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

सुट्टी संपली, परवाच अध्यापक विद्यालयात परत आले. नियमांचा कागद तीनदा वाचला. तुला कोणी फसवलं नाही. तू स्वतःच फसलास.

ही शर्यत नाहीच. प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून दिलेला आहे. समज, साक्री ते पिंपळनेर चोवीस किलोमीटर आणि वेग ताशी छत्तीस. म्हणजे बरोबर चाळीस मिनिटांनी पोहोचायचं. एक मिनिट उशीर झाला तर एक गुण दंड. आणि एक मिनिट लवकर पोहोचलास तर दोन गुण. कलम सातमध्ये स्पष्ट लिहिलं आहे. पंच खुर्ची मांडत असताना तू पोहोचलास ना, तिथेच तुझे छत्तीस गुण गेले.

मला हसू आलं, मग हसल्याचं वाईट वाटलं. घाई करणाऱ्याला उशिरापेक्षा दुप्पट शिक्षा आहे हे आबांना कळवावं का, या विचारात आहे. घाटाचा विषय मी गाळला नाही. मायला वाचून दाखवताना तिथे अडखळले, आणि माझा आवाज अडखळला की ती समजते. मला गाळता येत नाही, भाऊ. तू असलं काही सांगत जाऊ नकोस.

गणित करणारं कोणीतरी शेजारी बसलं पाहिजे, असं कलम तीन म्हणतं. तुझ्या शेजारी कोण बसलं होतं?

माया असू दे, आणि पायाला थोडी सबुरीही.

कोकिळा

धुळे
३ डिसेंबर १९८९

चि. कोकिळास,
आशीर्वाद.

शेजारी शेठचा भाचा होता. त्याने चांदवडपर्यंत दोन ओकाऱ्या केल्या, मग कागद तोंडावर घेऊन झोपला.

जानेवारीत वीस-एकवीसला पुढची रॅली आहे. पहिल्या दिवशी धुळे, साक्री, पिंपळनेर, सटाणा, नाशिक. दुसऱ्या दिवशी नाशिकहून चाळीसगाव, पाचोरा करत तुझ्या जळगावात शेवट. जो पहिला येईल त्याला रॅली भरवणारा क्लब एप्रिलमध्ये हिमाचलच्या मोठ्या रॅलीला पाठवणार आहे. डोंगरातली खरी रॅली. तिथे लवकर येणाऱ्याला दंड नाही.

तू बस माझ्या शेजारी. जगात दोनच माणसांचं मी गाडीत ऐकतो. एक रस्ता, आणि दुसरी तू, कारण तू कधी चुकत नाहीस.

अभिमन

जळगाव
१७ डिसेंबर १९८९

ती. भाऊस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पहिल्या दिवशी मी नाही असं पत्र लिहिलं. दुसऱ्या दिवशी फाडलं. असं चार वेळा झालं. पोस्टाची पाकिटं संपली.

कारणं सांगते. फेब्रुवारीत माझे सराव पाठ आहेत. वसतिगृहाच्या पुष्पाबाई म्हणाल्या की मुलगी शर्यतीच्या गाडीत बसते हे विद्यालयात कळलं तर उद्या फळ्यावर चित्र निघेल. आणि मला भीती वाटते. गाडीची नाही, तुझ्या चेहऱ्याची. वेगात असताना तू कसा दिसतोस ते मला ठाऊक नाही, आणि मला ते बघायचं नव्हतं.

पण मग वाटलं, मी नाही बसले तर भाचा बसेल, आणि तुला वेळ सांगणारं कोणी नसेल. मी शेजारी असले तर निदान तुला ताशी छत्तीसवर धरून ठेवीन. माझं येणं हे तुला आवरण्यासाठी आहे, जिंकवण्यासाठी नाही. हे आधीच सांगून ठेवते, नंतर फसवलं म्हणू नकोस.

पालकांच्या संमतीचा कागद होता. पुष्पाबाई म्हणाल्या, अंगठा काय कोणाचाही चालतो. मला चालेना. शनिवारी घरी जाऊन आबांना प्रत्येक ओळ वाचून दाखवली. जिवाचं बरंवाईट झाल्यास क्लब जबाबदार नाही, तीसुद्धा. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मी साक्रीला अकरावीत नाव घातलं तेव्हा त्यांनी मला एकच अट घातली होती, ज्या दिवशी एस.टी.ची गाडी चुकेल त्या दिवसापासून घरी. दोन वर्षांत माझी गाडी एकदाही चुकली नाही. आता ते म्हणाले, ज्या पोरीची गाडी चुकत नाही ती भावालाही वेळेवर आणेल. आणि अंगठा केला.

त्यांना वाटतं ते माझं कौतुक होतं. त्या अटीमुळे मी दोन वर्षं नीट झोपले नाही, हे त्यांना कुठे माहीत. घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायला तेव्हापासूनच लागले. बसस्थानकाचं, स्टेशनचं, कुठलंही घड्याळ दिसलं की त्याच्याशी जुळवायचं आणि काटा पाच मिनिटं पुढे सारायचा. अजून हात तेच करतो.

रॅलीपुरतं बरोबर लावीन, काळजी करू नकोस. काळजी करायला मी आहे.

कोकिळा

धुळे
२८ जानेवारी १९९०

चि. कोकिळास,
अनेक आशीर्वाद.

तू जळगावहून पाठवलेला निकालाचा कागद मिळाला. मी तो बघितला नाही. सातवा नंबर तोंडी कळला तेवढा पुरे.

पहिला दिवस आठवतो का? धुळ्याला पंचांनी सगळ्यांची घड्याळं मिळवून घेतली. पिंपळनेरच्या बसस्थानकावर आबा अख्खी गल्ली घेऊन उभे होते आणि आपण छत्तीसने, लग्नाच्या मोटारीसारखे गेलो. उखर्डूकाका ओरडले की यापेक्षा एस.टी. बरी. तू मान वर न करता म्हणालीस, सात सेकंद पुढे आहोत, पाय काढ. मी काढला. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी पाय काढ म्हटलं आणि राग आला नाही. तुझं ऐकून चालवताना कळलं की वेग म्हणजे नुसतं जोरात जाणं नाही. हवा तेवढाच देता येणं, हेही त्यातच येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाचोऱ्याला जेवायला थांबलो तेव्हा आपण पहिले होतो. सबंध रस्त्यात चार गुण दंड.

आणि जेवणानंतर माझ्या पायाने घात केला. पाचोरा ते जळगाव मी सगळीकडे लवकर. शेठ सांगतात, चाळीस गुण गेले. तू मला बरोबरच सांगत असणार. मी ऐकत होतो असं मला वाटलं, पण जिंकायचं दिसू लागलं की पाय स्वतःच खाली जात असणार, आणि मला कळतही नसणार. हे घाटापेक्षा वाईट आहे. घाटात निदान मला माहीत होतं मी काय करतोय.

क्लबच्या चिटणिसांनी बोलावून विचारलं की पहिला दिवस इतका चांगला आणि शेवटच्या टप्प्यात काय झालं? हिमाचलसाठी एक जागा अजून आहे, फेब्रुवारी संपायच्या आत ठरवायची आहे. मी सांगितलं, माझा पाय माझं ऐकत नाही, दुसरा माणूस बघा.

मी घरी यायचं ठरवलं आहे. आबांना ट्रॅक्टर चालवायला माणूस हवाच आहे. ट्रॅक्टरने कोणी लवकर पोहोचत नाही. माय मुलगी बघायची म्हणते, बघू दे. तुझी काळजी मिटली बघ.

अभिमन

जळगाव
४ फेब्रुवारी १९९०

ती. भाऊस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र मिळालं. मी बरी आहे. सराव पाठ सुरू झाले. काल तिसरीला वजाबाकी शिकवली. इथे थंडी आहे. मायचं पत्र आलं, म्हणजे तिने शेजारच्या मुलाकडून लिहवून घेतलेलं. तू येणार म्हणून तिने तुझी खोली सारवली आहे आणि ती खूप आनंदात आहे.

पाठाची तयारी करायची आहे, म्हणून इतकंच.

कोकिळा

जळगाव
१८ फेब्रुवारी १९९०

ती. भाऊस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

मागचं पत्र मी तुला लिहिलं, पण त्यात तुला काहीच लिहिलं नव्हतं. दोन आठवडे मी धड जेवले नाही. आता सरळ सांगते.

तो कागद तू बघितला नाहीस. मी तुला पाठवण्याआधी त्याची नक्कल करून ठेवली होती. तुझं पत्र आल्यावर ती काढून बघितली. पाचोऱ्यानंतर चार ठिकाणी पंच होते. पहिल्या ठिकाणी पाच मिनिटं लवकर. दुसऱ्या ठिकाणी पाच. तिसऱ्या ठिकाणी पाच. चौथ्या ठिकाणी पाच. ज्याचा पाय आवरत नाही तो कुठे दोन मिनिटं लवकर जाईल, कुठे नऊ. चार वेळा बरोबर पाच कोणाचाच पाय जात नाही.

पाचोऱ्याला जेवण झाल्यावर मी हात धुवायला स्टेशनवर गेले होते, आठवतं? नळाच्या वरच घड्याळ होतं. मी जुळवलं. आणि माझ्या हाताने काटा पाच मिनिटं पुढे सारला. मला आठवतसुद्धा नाही सारल्याचं, पण सारला. जेवणानंतर झेंडा दाखवणारं कोणी नव्हतं, ज्याने त्याने आपल्या घड्याळाने निघायचं होतं. पंच वेळ त्यांच्या वहीत लिहीत होते, आपल्याला नुसता शिक्का. त्या रात्री वसतिगृहाच्या घड्याळापेक्षा माझं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं आणि मला काहीच वाटलं नाही, कारण ते नेहमीच पुढे असतं.

तू एक सेकंदही चुकला नाहीस. मी सांगितली त्या वेळेला तू चारही ठिकाणी नेमका होतास.

आता दुसरी गोष्ट, ती जास्त वाईट आहे. हे मला एकतीस जानेवारीला कळलं. मी अठरा दिवस तुझ्यापाशी गप्प राहिले. कारण गप्प राहिले की तू घरी येत होतास. मायने खोली सारवली होती. हिमाचलचे रस्ते मी भूगोलाच्या पुस्तकात बघितले आहेत, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. देवापुढे उभी राहून मी म्हटलं की हे खोटं नाही, मी फक्त बोलत नाही. पण तू स्वतःच्या पायाला दोष देत बसला होतास. माझ्या हाताचा दोष मी तुझ्या पायावर ठेवला होता. तिसरीच्या मुलांसमोर उभं राहून खरं बोलावं असं मला फळ्यावर लिहायचं होतं, आणि मी खडू खाली ठेवला.

क्लबच्या चिटणिसांना मी परवा सगळं लिहून रजिस्टरने पाठवलं, निकालाच्या नकलेसकट. तुझ्याकडे दिलं असतं तर माझी लाज वाचवायला तू ते खिशातच ठेवलं असतंस. काल पिंपळनेरला जाऊन घरीही सांगितलं. माय म्हणाली, म्हंजे तो जाई. मी हो म्हटलं. ती सारवलेल्या खोलीकडे बघत राहिली. आबा उठून बाहेर गेले.

तुला माझा राग आला तर ते बरोबरच आहे. आला नाही तर मला आणखी त्रास होईल. लोभ मागायचा मला हक्क नाही, तो तू आपणहून ठेवलास तर ठेव.

कोकिळा

धुळे
२ मार्च १९९०

चि. कोकिळास,
अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी गॅरेजमागच्या जुन्या टायरांवर जाऊन बसलो. शेठ आले, विचारलं कोण गेलं? मी म्हटलं, कोणी नाही, पाच मिनिटं गेली होती, ती सापडली.

राग आला होता. एक दिवस. अठरा दिवसांचा नाही, पाचोऱ्याचाही नाही. ऐक. त्या दुपारी पाचोऱ्याहून निघाल्यावर आपल्या पुढच्या गाडीचा धुरळा आपल्याला लगेच दिसला होता. ती आपल्या सहा मिनिटं आधी निघायची, दिसायला नको होती. मला तेव्हाच वाटलं की काहीतरी चुकतंय. मी तुला विचारलं नाही. तुझं घड्याळ चुकेल असं माझ्या मनातही आलं नाही. माझा पाय चुकतो हे मात्र लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलेलं, ते मी लगेच मानलं. राग आला तो याचा. डोळ्यांनी बघितलेलं मी सोडून दिलं. डोंगरात असं केलं तर मरेन.

क्लबचं पत्र काल आलं. जागा मला दिली. चिटणिसांनी खाली लिहिलं आहे की चार ठिकाणी एकसारखी चूक करणारा चालक त्यांनी आजवर बघितला नव्हता. नऊ एप्रिलला निघायचं. शेजारी बसायला त्यांचा माणूस आहे, लष्करातून निवृत्त झालेला, तुझ्याइतकाच खडूस म्हणतात.

एक मागतो. तुझं घड्याळ दे. त्यांचा माणूस त्याच्या घड्याळाने वेळ सांगेल, पण मला एक माझ्या डोळ्यांसमोर हवं आहे.

मायला मी येऊन समजावतो. आबांचं तू बघ.

तुझा,
अभिमन

जळगाव
१ एप्रिल १९९०

ती. भाऊस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

घड्याळ सोबत पाठवत आहे. सकाळी सातच्या बातम्यांच्या ठोक्यावर लावलं आहे. लावल्यावर पुष्पाबाईंना शेजारी उभं करून माझा हात बघायला सांगितला. त्या म्हणाल्या, हललेला नाही. तरी तू निघताना पुन्हा एकदा मिळवून घे.

मनगट मोकळं मोकळं वाटतं. दर दहा मिनिटांनी मी रिकाम्या मनगटाकडे बघते आणि वर्गातली मुलं हसतात. शुक्रवारी पाठाला चार मिनिटं उशिरा पोहोचले. आयुष्यात पहिल्यांदा. दारात उभी राहिले. कोणी काही म्हटलं नाही. मुलांनी तोवर आपसात पाढे म्हणून घेतले होते.

मला अजून झोप लागत नाही. मी खरं बोलले म्हणून भीती गेली असं झालं नाही. तू डोंगरात असशील ते सात दिवस मी कसे काढणार आहे ते मला माहीत नाही, आणि मी शूर असल्याचं नाटकही करणार नाही. रोज एक कार्ड टाक. नुसतं कोरं टाकलंस तरी चालेल, पत्ता मात्र तुझ्या अक्षरात हवा.

मागच्या रविवारी घरी गेले होते. मायने तुझ्यासाठी लाडू बांधून ठेवले आहेत आणि तुझ्याशी न बोलण्याचंही ठरवलं आहे. तू आलास की दोन्ही तुला मिळेल. आबा ओसरीवर दोर वळत बसले होते. मी जवळ जाऊन बसले. मग ते म्हणाले, तो नियम पुन्हा सांग. मी पिंपळनेरहून गेलेल्या रॅलीचा नियम सांगितला, लवकर आलं तर मिनिटाला दोन गुण जातात आणि उशिरा आलं तर एक. डोंगरात नियम वेगळा आहे हेही मला सांगायचं होतं. त्यांनी हात वर केला, म्हणून थांबले.

दोराचा पीळ हातात तसाच धरून ते म्हणाले, भाऊले लिख. उशीर व्हवू दे म्हना. उशीरना एकच गुण जास.

ज्यांच्यामुळे माझं घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे, एक अक्षर गाळलेलं नाही.

तुझी,
कोकिळा